देशी झाडांची, जिवांनी भरलेली बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसबाग, सोसायटीच्या कुंपणालगतची पट्टी, शाळेचं आवार किंवा शेताचा बांध यांपैकी जिथे देशी झाडं लावून पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या, बेडूक यांना पुन्हा बोलवायचं आहे, अशा महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बाग लावल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत जे प्रश्न पडतात ते यात आहेत, आणि झाडं मोठी झाल्यावर पडणारेही आहेत.

देशी झाड म्हणजे नेमकं कोणतं? आंबा, चिंच, चाफा देशीच ना?

माणसाने आणून न लावता जे झाड तुमच्या भागात आपसूक वाढत आलं आहे, ते तुमच्यासाठी देशी. पळस, उंबर, करंज, बहावा, ताम्हण, आपटा, काटेसावर, करवंद, बोर, धायटी ही आपली नेहमीची मंडळी.

ओळखीचं झाड देशीच असेल असं नाही. देवळापुढचा देवचाफा मूळचा अमेरिका खंडातला आहे, सोनचाफा मात्र आपला. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, झेंडू मेक्सिकोचा. चिंच आफ्रिकेतून आली, पण इतक्या जुन्या काळी की इथल्या पाखरांनी आणि वानरांनी तिला कधीच आपलंसं केलं आहे. माझ्या मते चिंच असेल तर आनंदाने ठेवावी. नवीन लावायला एकच जागा असेल, तर ती उंबराला किंवा करंजाला द्यावी.

'भारतीय' म्हणजे 'इथलं' असंही नाही. केरळच्या सदाहरित जंगलातलं झाड सोलापूरच्या मुरमाला परकंच असतं.

पक्षी तर गुलमोहरावरही बसतात. मग देशी झाडांचा एवढा आग्रह कशासाठी?

बसायला विजेची तारही चालते. प्रश्न खाण्याचा आहे.

बहुतेक झाडांच्या पानांत कीटकांना नकोशी वाटणारी रसायनं असतात. त्या झाडासोबत हजारो वर्षं वाढलेल्या मोजक्या कीटकांनाच ती पचवता येतात. रुईचा चीक विषारी असतो, तरी प्लेन टायगर फुलपाखराची अळी तीच पानं खाऊन वाढते आणि ते विष अंगात साठवून स्वतःला पक्ष्यांपासून वाचवते. सापसणीच्या वेलावर कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या फुलपाखरांच्या अळ्या अशाच पोसतात. दुसऱ्या खंडातून आलेल्या झाडाची पानं खाऊ शकणारे कीटक इथे फार थोडे असतात, त्यामुळे ते झाड वर्षभर हिरवंगार दिसतं आणि बागकामाच्या भाषेत 'निरोगी' ठरतं. पण त्याच्या हिरवाईतून पुढे कोणाच्याच ताटात काही पडत नाही.

आता पक्ष्यांकडे या. शिंजीर फुलातला मध पितो, बुलबुल फळं खातो, चिमणी दाणे टिपते. तरी या तिघांच्याही पिल्लांना सुरुवातीचे दिवस मऊ किडे, अळ्या आणि कोळी लागतात, कारण वाढीची प्रथिनं तिथून मिळतात. ज्या बागेत अळी नाही तिथे घरटं बांधूनही पिल्लं मोठी करणं अवघड जातं. म्हणून या सगळ्या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: बाग खाल्ली जाण्यासाठी लावायची आहे. पानाला पडलेलं भोक हे बागेचं पहिलं यश आहे.

आमच्या भागासाठी झाडांची यादी मिळेल का?

मिळेल, पण ती अपुरीच असेल. एकट्या महाराष्ट्रात जांभ्याचा कोकण, सह्याद्रीचा पाऊस झेलणारा घाटमाथा, देशावरची काळी माती आणि मुरूम, विदर्भातली पानगळीची जंगलं असे निरनिराळे मुलूख आहेत.

कोकणात बकुळ, सुरंगी, उंडी, कोकम, सीता अशोक, करमळ, कुडा आणि उक्षीची वेल शोभतात. देशावर, जिथे पाऊस कमी आणि ऊन कडक, तिथे आपटा, पळस, खैर, हिवर, बोर, मेडशिंगी, बारतोंडी, कडुनिंब ही चिवट मंडळी टिकतात. विदर्भात मोह, तेंदू, चारोळी, बेहडा, अर्जुन, पळस. घाटमाथ्याजवळ हिरडा, जांभूळ, अंजनी, कुंभा, आणि झाडांखाली कारवी. उंबर, करंज, बहावा, काटेसावर, पांगारा ही झाडं बहुतेक ठिकाणी सांभाळून घेतात.

यादीपेक्षा चांगला मार्गदर्शक म्हणजे जवळची देवराई. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राखलेल्या तुकड्यांचं मोल लोकांसमोर येत गेलं. तुमच्या गावची माती आणि पाऊस मानवलेली, कोणी पाणी न घालता जगलेली झाडं तिथे उभी आहेत. कोणत्या झाडाच्या सावलीत कोणतं झुडूप आहे, कोणती वेल कशावर चढली आहे, हे पाहून या. तिथून रोपं उपटून आणू नका. देवराई नसेल तर एखादा जुना ओढा किंवा न तोडलेला बांधही पुष्कळ शिकवतो.

माळरानाबद्दल मात्र एक कळकळीची विनंती. देशावरचं उघडं गवताळ रान म्हणजे 'ओसाड' जमीन नव्हे. चंडोल, माळटिटवी, खोकड यांचं ते घर आहे. तिथे झाडं लावून त्यांना बेघर करू नये. तुमची जागाच अशा माळावर असेल, तर तुमच्या देशी बागेत झाडं थोडी आणि मारवेल, कुसळी, पवन्या ही गवतं भरपूर असावीत.

जागा जेमतेम एक गुंठा आहे. त्यात जंगल कसं बसवणार?

एका गुंठ्यात, म्हणजे १,०८९ चौरस फुटांत, जंगल मावत नाही. जंगलाचे मजले मात्र मावतात. बहुतेक बागांमध्ये वर उंच झाड, खाली कापलेली हिरवळ, आणि मधे काहीच नाही, अशी अवस्था असते. बुलबुल, शिंपी, नाचरा, सातभाई यांना लागतो तो नेमका हा मधला मजला.

एका गुंठ्याचा माझा आराखडा सांगतो. उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या कडेला मध्यम उंचीचं एक झाड: करंज, बहावा किंवा भोकर. त्याच्या पुढ्यात दोन छोटी झाडं, उदाहरणार्थ आपटा आणि कडीपत्ता. त्यांच्याभोवती झुडपांचा दाट पट्टा: धायटी, मुरुडशेंग, निरगुडी, अडुळसा, करवंद, कोरांटी. करवंद आणि बोरीसारखं काटेरी झुडूप एक तरी हवंच, कारण मांजराचा पंजा पोहोचणार नाही अशी घरट्याची जागा तिथे मिळते. कुंपणावर गुळवेल किंवा माधवीलता. मधोमध ऊन पडेल असा मोकळा तुकडा ठेवायचा, तिथे पावसाळ्यात तेरडा, टाकळा, कुर्डू, खुळखुळा आपोआप येऊ द्यायचे.

हा उन्हाचा तुकडा लोक हमखास विसरतात. फुलपाखरं आणि सरडे उन्हात अंग तापवल्याशिवाय कामाला लागत नाहीत. दहा वर्षांनी झाड मोठं झाल्यावर सावली कुठवर येईल, याचा कागदावर अंदाज घ्या आणि तो तुकडा सावलीबाहेर ठेवा.

झुडपं एकेकटी न लावता एकाच जातीची तीन-पाच एकत्र लावा. धायटीचं एक रोप शिंजिराच्या नजरेतून सुटेल, पाच रोपांचा लाल पुंजका सुटणार नाही.

उंबर, वड, पिंपळ लावावेत का? मुळांची भीती वाटते.

भीती योग्यच आहे. वड-पिंपळ घरापासून, विहिरीपासून, पाण्याच्या टाकीपासून निदान ४०-५० फूट दूर हवेत. तेवढी जागा नसेल तर घरच्या बागेत ते लावू नका. गावाची गायरान जमीन, ओढ्याचा काठ किंवा शाळेचं मोठं मैदान ही त्यांची जागा.

पण कुठेतरी लावाच, कारण या कुळासारखा अन्नदाता दुसरा नाही. उंबराचं फळ हे खरं तर आत वळलेला फुलोरा असतो. त्यात शिरून परागीभवन करते ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान गांधीलमाशी. उंबराची वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, अशी प्रत्येक जातीची आपली माशी ठरलेली. ती बाहेर पडल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचं, योग्य अवस्थेतलं दुसरं झाड सापडावं लागतं. म्हणून एका परिसरातले सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत. कोणतं ना कोणतं झाड वर्षाच्या कोणत्याही महिन्यात लगडलेलं असतं. बाकीची फळं संपलेली असताना तांबट, हळद्या, कोकीळ, राखी धनेश, वटवाघळं आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांचं पोट या झाडांवर चालतं.

यावरून दोन गोष्टी निघतात. परिसरात एकच उंबर उरला तर त्याची माशीही टिकणार नाही, तेव्हा शेजारच्या उंबरांची काळजी ही तुमच्या उंबराची काळजी आहे. आणि उंबराचं फळ फोडल्यावर दिसणाऱ्या किड्यांची किळस करू नका, त्यांच्यावाचून पुढचा उंबर उगवणार नाही.

बारा महिने काही ना काही खायला मिळावं, यासाठी काय करू?

झाडं निवडताना फुला-फळांचा महिना बघा. आपल्याकडे उन्हाळा भरलेला असतो आणि अडचण भलत्याच वेळी येते.

जानेवारी ते मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा फुलतात. निष्पर्ण फांद्यांवरची ती लाल-केशरी फुलं पाखरांसाठी उघडलेली पाणपोई असते: मैना, बुलबुल, शिंजीर, हळद्या, कोतवाल, अगदी खारसुद्धा मध प्यायला येते. त्याच सुमारास धायटी आणि शिवण. मार्च ते मेमध्ये करंज, बहावा, ताम्हण, कुडा. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जूनच्या तोंडावर जांभळं.

खरी पोकळी असते भर पावसाळ्यात आणि नंतर. तिथे मोठी झाडं उपयोगी पडत नाहीत, झुडपं आणि गवतफुलं पडतात. ऑगस्टपासून मुरुडशेंग, तेरडा, सोनकी, टाकळा. ऑक्टोबरनंतर सप्तपर्णी आणि कोरांटी. डिसेंबरला अडुळसा, आणि बोरं पिकायला लागतात. गवताचं बी पिकून सुटायचा काळही पावसाळ्यानंतरचाच. मुनियांचे थवे हवे असतील तर दिवाळीपूर्वी 'साफसफाई' म्हणून गवत कापू नका.

फुलपाखरांसाठी रंगीत फुलझाडं लावली. फुलपाखरं येतात आणि जातात, राहत नाहीत. असं का?

कारण तुम्ही हॉटेल काढलं आहे, बाळंतिणीची खोली नाही. प्रौढ फुलपाखराला मध कुठल्याही फुलातून मिळतो. अंडी मात्र मादी ठरावीक झाडावरच घालते, कारण तिची अळी दुसरं काही खात नाही.

कडीपत्ता, लिंबू, बेल लावले की लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन येतात. त्यांची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांच्या नजरेला फसवून वाचते. याच लिंबाच्या कुळातल्या माकडलिंबू, पपनस या झाडांवर राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, वाढते. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. बहावा आणि टाकळ्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट आणि ग्रास यलो. सोनचाफ्यावर टेल्ड जे. उंबर-वडावर कॉमन क्रो. करंजाच्या कोवळ्या पानांवर कॉमन सेरुलियन. एरंडावर कॅस्टर जातीची फुलपाखरं. कोरांटीवर ब्लू पॅन्सी. रुईवर प्लेन टायगर.

टायगर आणि क्रो जातीच्या नरांना आणखी एक गोष्ट लागते. खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या सुकलेल्या किंवा जखमी भागांतून ते विशिष्ट रसायनं शोषतात, त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. खुळखुळा वाळला म्हणून उपटण्याआधी थोडे दिवस थांबा, त्याच्यावर लोंबकळणारी फुलपाखरं बघायला मिळतील.

एका कोपऱ्यात माती कायम ओलसर ठेवा. नर तिथे क्षार शोषायला थव्याने उतरतात.

अळ्यांनी कडीपत्त्याचं झाड पार खराटा केलं. फवारणी करू का?

नको. निरोगी झाडाला पानं पुन्हा फुटतात. रोप अगदी लहान असेल तर अळ्या काठीने उचलून जवळच्या मोठ्या लिंबावर ठेवा. खाण्यासाठी पानं हवीच असतील तर कडीपत्त्याची दोन झाडं लावा, एक घरासाठी आणि एक त्यांच्यासाठी.

'सेंद्रिय' म्हणून निंबोळी अर्क मारणारे पुष्कळजण आहेत. तो फुलपाखराच्या अळीलाही तितकाच बाधतो. उंदरांसाठी विष ठेवू नका: विषारी उंदीर खाऊन पिंगळे आणि गव्हाणी घुबडं मरतात, आणि उंदीर खाणारं कोणीच उरत नाही.

सगळ्याच अळ्या हाताळू नयेत, हेही सांगायला हवं. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांचे केस लागले तर अंगाला आग होते. दाराशी शेवगा नको. कडीपत्त्यावरच्या गुळगुळीत हिरव्या अळ्या निरुपद्रवी असतात.

आंब्यावर बांडगूळ आलं आहे. काढायचं ना?

झाड अशक्त असेल किंवा बांडगुळाने अर्धा पसारा व्यापला असेल तर काही फांद्या छाटा. सगळं खरवडून काढू नका. फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाच्या फळांवर जगतो. फळातली बी चिकट असल्यामुळे तो ती फांदीवर पुसतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल, हे देखणं फुलपाखरू अंडी घालतं ते बांडगुळावरच. मोठ्या, सशक्त झाडावरचं थोडं बांडगूळ मी कधीच काढायला सांगत नाही.

बागेत आधीपासून मोठे गुलमोहर, रेन ट्री आहेत. तोडून देशी लावू का?

अजिबात घाई करू नका. चाळीस वर्षांचं झाड परदेशी असलं तरी त्याची सावली, ढोल्या, घरटी खरी आहेत. मोठ्या रेन ट्रीवर बगळ्यांच्या वसाहती असतात. त्याच्या सावलीत देशी वारसदार लावा, ते वाढू द्या, आणि जुनं झाड आपल्या वयाने जाईल तेव्हा जागा भरलेली असेल.

शहरात कायदाही आडवा येतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. मोठी छाटणी करायची असली तरी आधी विचारून घ्या.

आक्रमक जातींचं मात्र वेगळं. सुबाभूळ, गिरिपुष्प, टणटणी, काँग्रेस गवत यांची नवीन रोपं दिसताच उपटा.

टणटणीवर तर कायम फुलपाखरं असतात. तीही काढायची?

काढायची, पण टप्प्याटप्प्याने. टणटणी उर्फ घाणेरी शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आली आणि जंगलंच्या जंगलं व्यापून बसली. फुलांत मध आहे हे खरं, फळं बुलबुल खातात हेही खरं, आणि त्यामुळेच तिचं बी सर्वत्र पोहोचतं. तिच्या पानांवर मात्र आपल्या फुलपाखरांची पिढी वाढत नाही, आणि तिच्याखाली देशी रोप डोकं वर काढू शकत नाही. एका पावसाळ्यात तिसरा हिस्सा मुळासकट काढा, तिथे लगेच निरगुडी, धायटी, करवंद लावा. सगळी एकदम काढलीत तर तिच्यात लपणारे पक्षी उघडे पडतील.

पालापाचोळा तसाच ठेवला तर साप येणार नाहीत का?

येऊ शकतात, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घोणस पाचोळ्यात सहज दिसत नाही.

म्हणून बागेचे दोन भाग करा. घराच्या दारांभोवती, पायवाटेवर, मुलं खेळतात तिथे आठ-दहा फूट स्वच्छ, मोकळी जमीन. विटांचे ढीग, भंगार, लाकडं भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत. उरलेल्या भागात, झाडांच्या बुंध्याभोवती, पाचोळा हातभर साठू द्या. रात्री जाताना टॉर्च आणि बूट, पाचोळ्यात उघडा हात घालायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. साप घराजवळ आला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा आहे.

पाचोळा जाळू नका, हे वेगळं सांगायला नको. गोगलगाय, गांडूळ, बेडूक, पतंगांचे कोष त्याच्यातच असतात. सातभाईंची टोळी पानं उलटीपालटी करत दिवसभर तिथेच जेवते. उन्हाळ्यात झाडाच्या मुळांशी ओल टिकते तीही पाचोळ्यामुळे.

पाणी ठेवलं की डास होतात. काय करावं?

उथळ मातीचं भांडं घ्या, दोन इंचांहून जास्त पाणी नको, आत एक खडबडीत दगड ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी घासून पाणी बदला. डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं चक्र पुरं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्याआधीच ते मोडतं. छोटं तळं करायला जागा असेल तर फारच छान: कडा उतरत्या ठेवा, आत देशी पाणवनस्पती लावा. चतुर आणि टाचण्यांच्या पाण्यातल्या पिल्लांना डासांच्या अळ्या आवडतात. गप्पी मासे सोडायचा मोह आवरा, ते परदेशी आहेत आणि बेडकांच्या पिल्लांनाही सोडत नाहीत.

वाळलेली फांदी, पोखरलेलं खोड काढून टाकावं का?

माणसांच्या, गाड्यांच्या किंवा छपराच्या वर असेल तर काढा. नसेल तर राहू द्या. तांबट आपलं घर मऊ, वाळलेल्या फांदीतच कोरतो. सुतार पक्ष्यांच्या सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळ किंवा मैना राहायला येते. पोपट, पिंगळा, धनेश हे स्वतः ढोली करत नाहीत, त्यांना जुनं, पोकळ झालेलं झाडच हवं. भुंगे वाळक्या लाकडात आणि बांबूत अंडी घालतात. बाग प्रौढ झाली आहे याची खरी खूण ढोली असते, आणि ती विकत आणून लावता येत नाही. कापावीच लागली तर फांदी बागेच्या कोपऱ्यात पडून कुजू द्या.

छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरका. उन्हाळा आणि पावसाळा हा बहुतेक पक्ष्यांचा विणीचा काळ आहे.

मियावाकी पद्धतीने दाट लागवड केली तर लवकर जंगल होईल का?

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावतात. प्रकाशासाठी ती वेगाने उंच जातात. रस्त्याकडेची धूळ-आवाज अडवायला हिरवी भिंत हवी असेल तर ती उपयोगी आहे. पण जिवांसाठी बाग करायची असेल तर मी ती सुचवत नाही. दाटीत खोडं काठीसारखी सरळ वाढतात, फांद्या पसरत नाहीत, आत ऊन पोहोचत नाही, झुडपं आणि गवतफुलांना जागा राहत नाही. आपल्या कोरड्या पट्ट्यातलं मूळचं रानही इतकं दाट नसतं.

रोपं कधी, केवढी आणि कुठून आणावीत?

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल भिजली की लागवड करा. जुलैअखेरपर्यंत लावलेलं रोप पावसाळ्यात मूळ धरतं.

रोप दीड-दोन फुटांचं पुरे. दहा फुटी झाड लगेच उठून दिसतं, पण पिशवीत त्याच्या मुळांचं वेटोळं झालेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं खुरटं राहतं. लावताना पिशवी काढून वेटोळं झालेली मुळं मोकळी करा किंवा छाटा. खड्ड्यात खतांचा मारा नको. निघालेलीच माती, थोडा कुजलेला पाला, वर जाड पाचोळा एवढं बस. पुढचे दोन-तीन उन्हाळे आठवड्याला एकदा भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर पाण्याने मुळं वरच्या वर राहतात.

वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पुष्कळ देशी जाती मिळतात. झुडपं तिथेही क्वचित असतात, ती बियांपासून स्वतः करावी लागतात. जांभूळ, करंज यांचं बी ताजं असतानाच पेरा. बहाव्याचं कवच कठीण असतं, ते दगडावर घासून पेरा. पांगाऱ्याची फांदी पावसाळ्यात रोवली तरी जगते. जंगलातून बी आणायचं तर अभयारण्याबाहेरून, मूठभर, आणि झाडाखाली बाकी ठेवून. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतींना हातही लावू नका.

किती वर्षं लागतील?

गवतफुलं आणि फुलपाखरं पहिल्याच पावसाळ्यात. झुडपांत बुलबुल, शिंपी यांची घरटी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपास. पांगारा, शिवण, काटेसावर झपाट्याने वाढतात, बकुळ आणि हिरडा सावकाश. म्हणून सुरुवातीला दोन्ही प्रकार मिसळून लावा: वेगवान झाडांच्या सावलीत संथ झाडं तयार होतात, आणि पुढे गर्दी झाली की वेगवान झाडांची छाटणी करून त्यांना वाट देता येते. दहाव्या वर्षी बागेचं काम पाणी घालण्याचं राहत नाही, कुठे ऊन येऊ द्यायचं हे ठरवण्याचं होतं.

सोसायटीतले लोक म्हणतात, हे रान माजलंय. त्यांना काय सांगू?

कडा नीट ठेवा. पायवाट स्पष्ट, तिच्या बाजूची दोन फूट पट्टी कापलेली, झाडांवर मराठी नावांच्या पाट्या. यामुळे आतली दाटी मुद्दाम राखली आहे हे कळतं. मुलांना कडीपत्त्यावरची अळी, मग कोष, मग फुलपाखरू दाखवा. सभेतल्या वादापेक्षा ते जास्त कामाला येतं, कारण मुलं घरी जाऊन बोलतात.

दाणे टाकावेत का? घरट्यांच्या पेट्या? मांजरं?

दाण्यांनी कबुतरं वाढतात, बाकी फारसं काही होत नाही. पेट्या दयाळ, चिमणी यांना चालतात, पण तोंड उन्हाकडे नको. घरातलं मांजर पहाटे आणि संध्याकाळी आत ठेवा, त्याच वेळी पिल्लं उडायला शिकत असतात. मोकाट मांजरांना बागेत खायला घालू नका.

फक्त गॅलरी आहे. काही होईल का?

होईल. मोठ्या कुंडीत कडीपत्ता किंवा लिंबू, दुसरीत कोरांटी, तिसरीत रान तुळस, आणि पाण्याचं उथळ भांडं. जवळपास झाडं असतील तर फुलपाखरं चौथ्या-पाचव्या मजल्यावरही अंडी घालायला येतात.

बागेत रात्री दिवे लावावेत का?

लागतील तेवढेच, खाली झाकलेले, पिवळसर प्रकाशाचे, आणि वापर झाला की बंद. झाडांवर सोडलेले झोत आणि दिव्यांच्या माळा तर नकोतच. पतंग दिव्याभोवती घिरट्या घालून थकतात, परागीभवन राहून जातं आणि झोपलेल्या पक्ष्यांचीही रात्र मोडते.

बागेत काय आलं याची नोंद ठेवायची आहे. कशी ठेवू?

साध्या वहीत तारीख, झाड, त्यावर दिसलेला जीव आणि तो काय करत होता एवढं लिहा. 'काय करत होता' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा: नुसता बसला, मध प्यायला, अळी नेली की अंडी घातली? दोन पावसाळे लिहिलंत की कोणत्या महिन्यात बाग उपाशी असते ते स्पष्ट दिसेल आणि पुढचं झुडूप कोणतं लावायचं हे दुसऱ्याला विचारावं लागणार नाही. जीव ओळखता न आल्यास फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका, जाणकार मदत करतात. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे. झाडांना पालवी, फुलं, फळं कधी आली हे सीझनवॉचवर नोंदवलंत, तर बदलत्या ऋतुमानाचा अभ्यास करणाऱ्यांना तुमच्या परसातल्या करंजाची माहितीही उपयोगी पडते.